दाराजवळची पिशवी

कोयनानगरचं क्वार्टर सोडलं त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता आणि अण्णा भिंतीतले खिळे उपटत होते. वीजगृहातली त्यांची नोकरी संपली, घर परत करायचं, एवढंच. पण अण्णांनी एकेक भोक चुन्यानं बुजवलं. "मागनं येणाऱ्याला कोरं घर मिळाया पायजे," म्हणाले.

शेवटचा खिळा दाराजवळचा, पिशवीचा. कॉलनीत वाढलेल्या तुम्हा लोकांना ती सांगायला नको, पण इथं सांगलीत सांगावी लागते. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, आईच्या पाटल्या, बॅटरी, सगळं एका पिशवीत आणि पिशवी दाराला लागून. जमीन हलली की ती ओढायची आणि मैदानात पळायचं. तिथं अण्णा आमची डोकी मोजायचे. "सगळी भाईर हायसा न्हवं? मग बास."

निघण्याआधी त्यांनी माझ्या मोबाइलवर खोली न खोली टिपली होती. स्वयंपाकघरात आई पदर सावरत म्हणाली, "आवं, माजा फोटू कशाला? भिंतीचा काढा." अण्णांनी दोन्हीचे काढले.

सांगलीत मी आधीपासून नोकरीला. टू बीएचके, लिफ्ट, सोसायटीचे ग्रुप. इथं जमीन हलत नाही, तरी अण्णा अजून दाराकडे डोकं करून झोपतात. आईला हा फ्लॅट तीनच वर्षं लाभला. ती गेल्यावर मी माझा जुना लॅपटॉप अण्णांना दिला, आत ते फोटो होते. मोबाइल केव्हाच बाद झाला होता. रोज जेवण झालं की अण्णा चष्मा पुसून बसायचे. क्वार्टर बघतोय म्हणायचे.

पुढे लॅपटॉप इतका रेंगाळायला लागला की सुरू होईतो चहा गार व्हायचा. अण्णांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. मग एका रविवारी दुपारी बसलो. खरं सांगतो, मी दमलो होतो. नुसत्या त्या दिवशी नव्हे, कित्येक महिने. सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा, म्हणजे सगळा पुसायचा, आणि विंडोज नव्यानं टाकायचं. ऑफिसात पाच-सहा जणांचं करून दिलंय. डी ड्राइव्हला धक्का लागत नाही, आणि फोटो मीच तिथं 'कोयना' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. फोल्डर आहे एवढं पाहिलं, उघडून बघितला नाही. डेस्कटॉपवर फायलींची ही गर्दी होती. ती मला अडगळ वाटली.

संध्याकाळी लॅपटॉप चटकन सुरू झाला. 'कोयना' उघडला तर रिकामा.

"आत कशाला ठिवू?" अण्णा म्हणाले. "समदं भाईर काढून ठिवलं हुतं, म्होरंच. पळायचं झालं तर आत कोन जातंय रं?"

डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. अण्णांनी जपून दाराजवळ ठेवलेली पिशवी मी स्वतःच्या हातानं जाळली. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवून परत दिला.

अण्णांना सांगितलं. त्यांनी त्या कोऱ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. मग सवयीनं म्हणाले, "असू दे. माणसं भाईर हायती न्हवं सगळी?"

मी "व्हय" म्हणालो. त्या 'व्हय'ची मला अजून लाज वाटते.

म्हणून हे लिहितोय. पुण्यात, पाटणला, आखातात, जिथं कुठं असाल तिथं जुने अल्बम काढा. कुणाचं बारसं, कुणाचं हळदीकुंकू, कॉलनीतला गणपती. मागे कडेला माझी आई दिसेल, बहुतेक तोंड फिरवून, हातात कसलं तरी ताट घेऊन. अर्धी दिसली तरी पाठवा.

भिंतीचा नको.