बंद टीव्हीचं काय करायचं असतं

टीव्ही ठेवायला जागा लागते, किस्स्यांना लागत नाही, एवढाच दोघांतला फरक. बाकी दोन्ही सारखेच साठत जातात. अमक्याच्या माळ्यावर जुना टीव्ही आहे असं कळतं, आपण जातो, चहा होतो. टीव्ही मिळेलच असं नाही, किस्सा मात्र मिळतो. माझ्याकडे आता टीव्हींपेक्षा किस्से जास्त झालेत, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

आमचं त्रिकूट आहे. मी विरारला फुलपाड्यात राहतो, विम्याच्या ऑफिसात आहे. पास्कल भुईगावचा, शाळेत भूगोल शिकवतो. जयवंतची सांडोरला केळीची आणि भाजीची वाडी आहे. तिघांना वेड एकच, लाकडी खोक्यातले, पोट सुटलेल्या काचेचे जुने टीव्ही. हे वेड का, ते तिघांनाही माहीत नाही. माहीत नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं, बायकोने विचारेपर्यंत.

वर्षाने विचारलं ते अगदी शांतपणे. "माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर ती आपल्याकडेच राहणार. आतली खोली लागेल."

आतल्या खोलीत माझे टीव्ही होते. म्हणजे खोलीत टीव्ही होते म्हणण्यापेक्षा टीव्हींमधून वाट काढत गेलं की मागे खिडकी होती.

"मला एक कारण सांगा," ती म्हणाली. "पटलं नाही तरी चालेल, नुसतं कळलं पाहिजे. मग आईला हॉलमध्ये झोपवू आणि तुमचे टीव्ही राहू देत."

इतकी सोपी अट मला आयुष्यात कोणी घातली नव्हती. मी लगेच म्हणालो, "लहानपणीच्या आठवणी."

"तुमच्या लहानपणी तुमच्याकडे टीव्ही नव्हता."

"शेजाऱ्यांकडे होता ना."

"मग तुम्ही शेजाऱ्यांचं लहानपण जमवताय का?"

खरंच तसं असेल तर काय, असं मला वाटायला लागलं.

*

मी पास्कलकडे गेलो. तो मास्तर माणूस, त्याच्याकडे कारण असणार.

त्याने कारणाऐवजी किस्सा सांगितला. घराला आशीर्वाद द्यायला फादर आले होते. स्वयंपाकघर झालं, माजघर झालं, मग ते वाडीतल्या शेडकडे वळले. आत ओळीने टीव्ही.

फादरांनी विचारलं, "हे सगळे चालतात?"

"नाही, फादर."

"मग विकायचे आहेत?"

"नाही, फादर."

फादरांनी थोडा विचार केला आणि सगळ्या टीव्हींवर पवित्र पाणी शिंपडलं.

पास्कलचा जीव वरखाली. पावसाळ्यात तो टीव्हींवर प्लास्टिक टाकतो, थेंब पडू देत नाही. फादर फाटकाबाहेर पडले तसा हा फडकं घेऊन धावला आणि एकेक टीव्ही कोरडा करून ठेवला. मग हात थांबला. आपण पवित्र पाणी पुसलं? आठवडाभर त्याला जेवण गेलं नाही. शेवटी कन्फेशनला जाऊन त्याने सांगून टाकलं.

जाळीपलीकडून फादरांनी विचारलं, "पण ते टीव्ही तू ठेवलेत कशासाठी?"

"तेच कळत नाही, फादर."

"कळत नसेल तर पाप म्हणता येत नाही," फादर म्हणाले. "पण देवाचं काम म्हणवत नाही. जा घरी."

"म्हणजे काय रे?" मी पास्कलला विचारलं.

"मलाही नाही कळलं. पण तेव्हापासून मी जेवतो."

हे कारण वर्षाला सांगण्यासारखं नव्हतं.

*

राहिला जयवंत. त्याचा किस्सा मी स्वतः भोगलेला आहे.

सांडोरला त्याच्या एका आक्कांकडे शटरवाला टीव्ही होता. लाकडाची पट्टीपट्टीची दोन दारं, मधोमध येऊन मिटणारी. जयवंतला असा टीव्ही दिसला की तो लहान मूल होतो. आम्ही गेलो. त्याने हळूच शटर सरकवलं तर आत काच नाही, ट्यूब नाही. आत पेंढा, आणि पेंढ्यात केळी.

"ट्यूब मेली तेव्हा काढून टाकली," आक्का म्हणाल्या. "पण केळी काय मस्त पिकतात यात. टीव्ही घेऊन जा रे, ही एवढी पिकू दे."

आम्ही केळी पिकायची वाट पाहिली. परत गेलो तर आत नवा घड. आक्का म्हणाल्या, "अरे, तुम्ही उशीर केला." पुढच्या वेळी आम्ही लवकर गेलो, तर म्हणाल्या, "अजून हिरवी आहेत."

शेवटी जयवंतने सुताराकडून हुबेहूब तेवढ्या मापाची पेटी करून घेतली, पेंढा भरून आक्कांना दिली आणि टीव्ही उचलला. दोन आठवड्यांनी आक्का रिक्षाने त्याच्या दारात. पेटीतली केळी काळी पडली होती. त्यांनी टीव्ही रिक्षात ठेवायला लावला आणि पेटी जयवंतकडे सोडून गेल्या.

आता जयवंतच्या संग्रहात ती पेटी आहे. तो ती टीव्हींच्या रांगेतच ठेवतो.

"पण तुला टीव्ही का आवडतात?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मला वाटतं, मला टीव्ही आवडत नाहीत. मला ते शटर लावायला आवडतं."

"उघडायला?"

"नाही, लावायला."

मी घरी डझनभर केळी घेऊन आलो. वर्षा म्हणाली, "कारण आणायला गेला होतात ना?"

*

त्यातच आमच्या मजल्यावरचे साळवी एलईडी टीव्ही उचलून दारात हजर. "चित्रच येत नाही. तुम्ही टीव्हीवाले ना?"

मी जमवतो, दुरुस्त करत नाही, हे मी त्यांना तीन प्रकारे सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि टीव्ही ठेवून गेले. मी त्याला हातही लावला नाही. चार दिवसांनी परत नेऊन दिला. भिंतीला लावला, बटण दाबलं, आणि चित्र आलं.

"मी काहीच केलेलं नाही," मी म्हणालो.

"जाणकार माणूस असंच बोलतो," साळवी म्हणाले.

आता बिल्डिंगमधले लोक टीव्ही आणून ठेवतात आणि चार दिवसांनी घेऊन जातात. निम्मे चालू होतात. का होतात, देव जाणे. वर्षा म्हणाली, "कारण नसलं तरी तुमचं चालतं, हे मला आता कळायला लागलंय." हे ती कौतुकाने म्हणाली की कसं, तेही मला कळलं नाही.

एवढं मात्र ठरलं. कारण सापडलं नव्हतं, आईंचं ऑपरेशन झालं होतं. टीव्ही पास्कलच्या शेडमध्ये जाणार. रविवारी टेम्पो येणार. मला फार वाईट वाटत होतं, आणि कशाचं वाईट वाटतंय ते सांगता येत नव्हतं म्हणून आणखी वाईट.

*

टेम्पो ठरायच्या महिनाभर आधी मी एक शेवटचा टीव्ही आणला होता. पास्कलच्या शेजारच्या सिसिलिया आजींचा. मुलाने भिंतीवर नवा मोठा लावून दिला होता, जुना पडवीत होता.

"चालतो का, आजी?"

"चालतो की. रोज रोझरीची प्रार्थना झाल्यावर लावते."

"पण आता यावर काही येत नाही ना? नुसत्या मुंग्या."

"हो, मुंग्याच."

"मग बघता काय?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भूगोलाच्या वर्गात चुकीचं उत्तर दिलेला मुलगा आहे. "तू घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणतो अडचण होते. पण खिडकीशी ठेव. आणि तुझा नंबर दे."

पहिल्याच संध्याकाळी सातला फोन आला. "लावलास?"

मी घाईघाईने लावला. काचभर मुंग्या, आणि खर्रर्र आवाज.

"जरा जवळ धर."

मी मोबाईल टीव्हीजवळ धरला. पलीकडे आजी काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

मग रोज सात वाजता तेच. पास्कलने त्यांच्या मुलाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "तिला विचारू नका, ती चिडते." जयवंतचं मत पडलं की आजी टीव्हीवर लक्ष ठेवून आहेत. पास्कलला वाटत होतं, प्रार्थना असेल. मी ऑफिसातून उशिरा यायचो तेव्हा मोबाईल वाटेतच वाजून जायचा, आणि मला दिवसभराचं काहीतरी राहून गेल्यासारखं व्हायचं. म्हणून मी आजींना घरचा, म्हणजे वर्षाचा नंबर देऊन ठेवला. तिला सांगायचं धाडस काही झालं नाही.

रविवारी टेम्पो दुपारी यायचा तो संध्याकाळी आला. आई आतल्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या भोवतीने एकेक टीव्ही बाहेर जात होता. मी खाली टेम्पोत उभा राहून दोर बांधत होतो. एकामागून एक सगळे आले. सिसिलिया आजींचा तेवढा राहिला. हमाल वर गेला तो सात वाजून गेले तरी खाली येईना.

मी चार जिने चढून वर गेलो. दार उघडंच होतं. हमाल कमरेवर हात ठेवून खोलीच्या दारात उभा होता. टीव्ही खिडकीशीच होता, चालू. आई पलंगावरून पुढे झुकून मुंग्या बघत होत्या. आणि वर्षा जमिनीवर बसून, हात लांब करून, आपला मोबाईल टीव्हीला लावून होती.

"अगं, खाली टेम्पो..." मी म्हणालो.

तिने मागे न बघता दुसरा हात वर केला.

"हळू बोला," ती म्हणाली. "त्या ऐकतायत."