फुकटचं नेट नि नऊ फोनांची सावड

साखरशेतच्या वरच्या पाड्यात राहत होती एक म्हातारी, तिची नात सुनीता आणि जाऊ काशी. म्हातारी म्हणजे मीच! सुनीताचे आईबाप कामाला ठाण्याकडे, म्हणून पोर माझ्याजवळ. पाड्यात फुकटचं नेट आल्यापासून किस्से इतके साचलेत, की कणगीत भात कमी नि किस्सेच जास्त.

*

नेट आणलं ते सिमवाल्या भाऊनं. "आजी, घ्या! गाणी फुकट, पिक्चर फुकट, आमच्या कंपनीचं दुकान बघणं फुकट!"

"नि बाकीचं?"

"ते वरच्या पॅकात. तुम्हाला कशाला लागतंय बाकीचं?"

मी म्हटलं, "बरं झालं बाबा, माझी भूक माझ्याआधी तुलाच कळली!"

तरी सिम घेतलंच. फुकट होतं ना!

*

सुनीता बारावी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. फॉर्म फक्त नेटवर भरायचा, नि मुदत आठच दिवसांची. रेंज मिळते ती टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली. रोज आम्ही तिथं. फॉर्म उघडायला गेलं की नुसतं चाक फिरायचं. त्याच फोनवर एसीची जाहिरात मात्र झटक्यात यायची!

काशी म्हणाली, "पाड्यात बल्ब धड पेटत नाही, नि यांना आपल्याला गारठवायची केवढी घाई!"

*

मी सुनीताला कंपनीचा फोन लावायला लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आजी, वरचा पॅक घेतलात तर फॉर्म वेगवान रस्त्यानं जाईल."

"बाय, आमच्या जव्हारच्या घाटात खड्डे आहेत. पण जिथं एसटी आपटते, तिथंच कलेक्टरची गाडीही आपटते!"

तिनं मला गाणं ऐकत थांबायला सांगितलं. गाणं फुकट होतं.

*

मग ग्रामपंचायतीत कंपनीचा साहेब आला. सुनीतानं उभं राहून विचारलं, "आम्ही काय उघडायचं ते तुम्ही का ठरवता?"

साहेब म्हणाला, "टॉवरला खर्च येतो, बेटा. काहीच नसण्यापेक्षा थोडं फुकट बरं, नाही का?"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. चार माना हलल्याही.

तेवढ्यात काशीनं साहेबाला चहाचा कप दिला. साहेबानं घोट घेतला नि कपात बघतच राहिला. नुसतं गरम पाणी!

काशी म्हणाली, "काहीच नसण्यापेक्षा बरं, नाही का साहेब? पत्ती-साखर वरच्या पॅकात!"

*

शेवटचा दिवस उजाडला तरी फॉर्म कोराच. सुनीता रडायला लागली, "गेलं गं आजी माझं वर्ष!"

आता, वरच्या पॅकाची चटक लागावी म्हणून कंपनी प्रत्येक फोनला दिवसातून पाच मिनिटं सगळं नेट चाखायला द्यायची. फॉर्म उघडायचा तो तेवढ्यातच, पण पाच मिनिटांत अर्धाही होईना, नि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "भाताच्या आवणीला आपण काय करतो? सावड! आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. मग फोनाची सावड का नको?"

माझ्यासकट नऊ बाया आपापला फोन घेऊन मोहाखाली ओळीनं बसल्या. एकीची पाच मिनिटं संपली की सुनीता दुसरीच्या फोनचं नेट घ्यायची नि फॉर्म तिथूनच पुढं भरायची. मी ओरडायची, "चला, पुढची!"

मध्येच ती अडली. "आजी, पालकाचं नाव विचारतायत. तुझंच टाकते."

"माझं एकटीचं? सावडीला आलेल्यांतल्या कुणाला गाळू, सांग!"

सुनीतानं कपाळाला हात लावला, पण लिहिली नऊच्या नऊ नावं. नवव्या फोनवर, काशीच्या, फॉर्म गेला.

महिन्यानं यादीत सुनीताचं नाव लागलं! प्रवेशाला जीप भरून कॉलेजात गेलो. टेबलामागच्या मॅडमनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"या मुलीचे पालक कोण?"

बाकावरून नऊ जणी एकदम उठल्या.