राखवालीचं स्वतःचं झाड

दलदलीतल्या त्या वस्तीत घर जागेवर राहत नाही, हे आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. तिथे रेंगाळा नावाचं झाड असतं. बुटकं, पसरट, खोड इतकं रुंद की सगळ्या घराने हात धरून वेढा घातला तरी कवेत येणार नाही. त्याची मुळं चिखलाच्या वर गुडघ्यासारखी वाकलेली असतात आणि ते झाड चालतं. हो, चालतं! डोळे मोठे करू नका. धावत सुटत नाही काही. पंधरवड्यातून कधीतरी एक मूळ उचलतं, पुढे टेकवतं, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात उभं राहतं.

याच झाडांच्या बेचक्यांमध्ये लोकांची घरं. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला फळ्यांचे रस्ते, फळ्यांच्या दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. झाड सरकलं की आकडा काढायचा आणि नव्या जागी अडकवायचा. काल ज्यांच्याकडून वाटीभर साखर उसनी आणली ते आज चार घरं पलीकडे गेलेले असतात. टपालवाला तर त्या वस्तीत टिकतच नाही. नवा येतो, महिनाभर भिरभिरतो आणि बदली मागतो.

आता गंमत अशी, की रेंगाळा थांबला तर बुडतो. एवढा मोठा भार चिखल किती दिवस पेलणार? त्यामुळे झाड चालतं ठेवायला लागतं, आणि तेही हव्या त्या दिशेने, नाहीतर दोन घरं एकमेकांच्या स्वयंपाकघरात घुसायची. दलदलीचा चिखल आंबट आणि रेंगाळ्याला आंबट सोसत नाही. ज्या बाजूला राख पडेल, त्या बाजूचा चिखल निवळतो आणि तिकडेच झाड मूळ टाकतं. हे राख टाकायचं काम ज्या बाईकडे होतं तिला सगळी वस्ती राखवाली म्हणायची.

राखवाली पन्नाशीची. ठेंगणी, दंड मजबूत, नखांत कायमची राख. तिचे वडील हेच काम करायचे आणि त्यांच्या मागे टोपली घेऊन फिरता फिरता ती शिकली. मुळावर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायची. आवाज भरीव आला की मूळ अजून रुतलेलं आहे, पोकळ आला की आज-उद्या उचलणार. कोणी कौतुकाने विचारलं, "झाडाशी काय बोलता हो एवढं?" की ती फणकारायची, "झाडाला कान असतात होय? तुम्ही पण ना!"

तिचं लग्न भट्टीवाल्याशी झालं. तो पाव भाजायचा. रोज टोपल्यांनी राख निघायची, त्यामुळे हिने नवरा बघून नाही, राख बघून लग्न केलं अशी थट्टा वस्तीत वर्षानुवर्षं चालली. भट्टीवाला स्वतःच ती सांगायचा आणि सगळ्यांत जास्त हसायचा. स्वभावाने लोणी. आईपुढे मात्र त्याचं लोणी पार वितळून जायचं.

ही आई म्हणजे राखवालीची सासू. काय सांगावं तिच्याबद्दल! तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की शेजारची झाडं आपणहून पाऊल उचलतील. आयुष्यभर वस्तीचे कपडे शिवले तिने, आणि कपड्यांसोबत माणसंही उसवली. पण कुणाच्या घरी दुखणं आलं की पहिली पोचायची तीच. सुनेवर जीव होता का? असेल. दिसायचा नाही.

एका सकाळी फळीवरून सासूबाईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली. या वयात हाड काही जुळायचं नाही, पडून राहायचं, आणि धक्का अजिबात लागू द्यायचा नाही. धक्का लागू द्यायचा नाही! चालत्या झाडावरच्या घरात!

पुढच्याच आठवड्यात झाडाने पाऊल टाकलं. एरवी घर हललं तर कपातला चहा बशीत सांडतो, एवढंच. पण त्या दिवशी सासूबाई अशा किंचाळल्या की खाली भट्टीवाल्याच्या हातातलं फावडं गळून पडलं. राखवालीने ते किंचाळणं ऐकलं. त्याच संध्याकाळी ती टोपली घेऊन खाली उतरली आणि आपल्या झाडाच्या चारही बाजूंना सारखी राख टाकून आली.

चारही बाजूंना राख पडली की झाडाला कुठे जावंसं वाटतच नाही. ते उभं राहतं. बाळंतिणीच्या घरी दोन-चार दिवस असं करायची पद्धत होती, त्याहून जास्त नाही. राखवालीने ते चार वर्षं केलं. नवऱ्याला सांगितलं नाही, कुणालाच नाही. लोक म्हणाले, झाड म्हातारं झालं असेल. तिने हो ला हो म्हटलं.

आणि सासूबाई? त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या सुनेच्या नाकी नऊ आणले. "अख्ख्या गावाची झाडं नाचवते आणि घरचं झाड मात्र ढिम्म! लोकांकडे कौतुक होतं ना, घरात कोण विचारतंय!" सकाळी तेच, जेवताना तेच. राखवाली त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पेज भरवायची, आणि ऐकून घ्यायची. कधी कधी भट्टीमागे जाऊन डोळे पुसायची. माणूसच होती ती.

झाड हळूहळू खचत होतं. आधी खालची पायरी गेली, मग भट्टीचा ओटा वर उचलून बांधावा लागला, आणि चौथ्या वर्षी स्वयंपाकघराच्या जमिनीला ओल आली. भट्टीवाला एक दिवस चाचरत म्हणाला, "आई, दुसरं घर बघू या का? पलीकडे एक रिकामं आहे." सासूबाई म्हणाल्या, "बघ की. तुम्ही जा. मला शिडीवरून उतरवाल तर जिवंत उतरणार नाही मी." खरंच होतं ते. फळीवर पोचायलाही ती अरुंद शिडीच होती, आणि तिच्यावरून त्यांना उतरवणं कुणाच्याच्याने झालं नसतं. घर बुडालं तर त्या घरासोबत जाणार होत्या. राखवालीला हे रोज दिसत होतं आणि तरी रोज संध्याकाळी तिचा हात चारही बाजूंना राख टाकून येत होता. झाड चालवायचं तर दुखवायचं, नाही चालवायचं तर बुडवायचं. अशा कात्रीत सापडलेल्या माणसाची मती कुठे चालते!

शेवटी जमिनीला टेकू द्यायला सुतार आला. तो खाली उतरला, चौफेर फिरला आणि वर येऊन सासूबाईंच्या खाटेशेजारीच मोठ्यांदा म्हणाला, "वहिनी, हे काय? चारही बाजूंना राख! झाडाला काही धाड भरलेली नाही. तुम्हीच त्याला बांधून ठेवलंय!"

राखवालीने त्याला हाताने गप्प राहायची खूण केली. सुतार चपापला, टेकूचं उद्या बघू म्हणाला आणि त्याने पाय काढता घेतला.

सासूबाईंनी सुनेकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंस?"

"हो."

"आणि चार वर्षं माझी बोलणी खाल्लीस?"

"त्याची सवय आहे मला."

"मला विचारायचं होतंस, मूर्खे!"

"विचारलं असतं तर तुम्ही झाड चालव म्हणाला असतात. आणि मला ते ओरडणं पुन्हा ऐकवलं नसतं, सासूबाई. नाहीच."

म्हातारी भडकली. शरमेने भडकलेलं माणूस सगळ्यांत वाईट. "माझ्या नवऱ्याने बांधलेलं घर बुडवायला निघालीस माझ्या नावाखाली? उद्या सकाळी झाड चालव. माझं काय व्हायचं ते होऊ दे. आणि खोलीत कुणी थांबायचं नाही. माझं रडणं बघायला मला माणसं नकोत."

"काळजाचा ठोका चुकेल माझा. वरून आवाज आला नाही तर मला कळणार कसं तुम्ही..."

"कळेल. शिव्या देत राहीन तुला. शिव्या येताहेत तोवर मी आहे असं समज आणि राख ओतत राहा."

चालत्या झाडाला नुसती राख पुरते, पण असं वर्षानुवर्षं रुतलेलं झाड हलवायचं तर राखेचं पाणी ओतावं लागतं, आणि हे ओतणं मधे थांबवता येत नाही, ते सांगायला हवं. मूळ एकदा उचललं गेलं की जिथे ते टेकायला हवं तिथे राखेचं कोमट पाणी सतत पडत राहावं लागतं. धार तुटली तर मूळ भांबावतं, परत जागच्या जागी आदळतं, आणि खोड उभं चिरतं. मग घर गेलंच.

सकाळी सासूबाईंनी स्वतःला खाटेला दोरांनी बांधून घेतलं. भट्टीवाला बादल्या भरून खाली द्यायला लागला, सुतार फळ्यांचे आकडे सोडायला उभा राहिला. राखवाली गुडघाभर चिखलात. तिने तीन बाजूंची राख खरवडून काढली आणि चौथीकडे धार धरली. चार वर्षं रुतलेलं मूळ काही लगेच उठेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा चिखलाने मोठा सुस्कारा टाकला आणि मूळ वर आलं. घर कलंडलं.

वरून किंकाळी आली, आणि तिच्या मागोमाग शिव्या. बापरे, काय शिव्या होत्या! सुतार कानकोंडा झाला. सुनेच्या माहेरापासून सुरुवात झाली, राखेपर्यंत आली, पावापर्यंत गेली. राखवाली रडत होती आणि ओतत होती. मूळ हवेत लोंबकळत, वीत वीत पुढे सरकत होतं.

आणि शिव्या थांबल्या.

भट्टीवाल्याने बादली पुढे करायची थांबवली. "अगं, आई..." तो म्हणाला. राखवालीने वर पाहिलं. मूळ अजून हवेतच होतं. तिने एक हात पुढे केला आणि ओरडली, "बादली दे! दे म्हणते ना!" त्याने दिली. ती ओतत राहिली. आपण वर एका म्हाताऱ्या बाईला मारलं, असं तिला वाटत होतं, आणि तिचा हात थांबत नव्हता. त्याबद्दल तिला स्वतःची चीडही आली. मग मूळ टेकलं, चिखलात रुतलं, घर सरळ झालं, आणि स्वयंपाकघराखालचं पाणी बघता बघता खाली गेलं.

ती शिडी कशी चढली ते तिलाही आठवत नाही. सासूबाई दोर मुठीत धरून पडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, डोळे उघडे. श्वास चालू होता.

"मधेच गप्प का झालात?" राखवाली ओरडली. "माझा जीव गेला ना खाली!"

"काय करू," सासूबाई कशाबशा म्हणाल्या, "तुझ्या नावाने तोंडात शिवीच येईना."

राखवाली खाली बसली आणि तिने खाटेच्या कडेवर डोकं टेकून चार वर्षांचं रडून घेतलं. सासूबाईंना हात उचलायलाही दुखत होतं, तरी त्या तिच्या चिखलाने माखलेल्या केसांवरून तो फिरवत राहिल्या आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "पुढचं पाऊल पण टाक हो. मी ओरडले तरी थांबवू नकोस. अजिबात थांबवू नकोस."