रायफ काही पडेना

विदादने उभ्या आयुष्यात शेकडो माणसं मारली होती. तलवारीनं, खंजिरानं, काठीनं; सगळी रंगमंचावर. बैरूत असो की डोंगरातलं एखादं गाव, जुन्या काळच्या संगीत नाटकात नाच आणि मारामारी बसवायची म्हटलं की तिलाच बोलावणं यायचं. पण या गावच्या रायफला मारता मारता मात्र तिच्या नाकी नऊ आले.

प्रसंग साधाच होता. गावकरी हात गुंफून, पाय आपटत दबके नाचतायत, तुर्की शिपाई घुसतात, तलवारी चालतात आणि नाचाचा म्होरक्या झालेला रायफ पडतो. पुढचं सगळं नाटक त्या मरणावर उभं. पण रायफ पडला रे पडला की त्याची आई, उम्म मुनीर, देवाचं नाव घेत पाण्याचा पेला घेऊन थेट रंगमंचावर चढायची. आणि हा मेलेला बाबा डोळे उघडून सांगायचा, "बरा आहे गं मी, आई."

"मेल्या, मुडदा कधी बोलतो का रे?" विदाद किंचाळायची.

"मेल्या म्हणायचं नाही त्याला!" उम्म मुनीर तिच्यावरच उसळायची. "त्या बुतरुसला पाड की. त्याला चार भाऊ आहेत."

रायफला आता भाऊ नव्हता. थोरला मुनीर, ज्याची आई म्हणून तिला उम्म मुनीर म्हणत, युद्धाच्या दिवसांत एका सकाळी पाव आणायला गेला, तो परतलाच नाही. ना प्रेत, ना खबर. हे विदादलाही ठाऊक होतं, त्यामुळे तिला धड भांडताही येईना, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा. प्रयोग शनिवारी. बुतरुसला धड दोन पावलं टाकता येत नव्हती, आणि आईनं डोळे वटारले तर रायफ नाटकच सोडणार होता.

"नाही पाडत जा! झालं समाधान?" शेवटी तिनं हात टेकले.

तिनं प्रसंग नव्यानं बसवला. चकमकीत रायफ तलवार खाली ठेवतो आणि मुकाट विंगेत निघून जातो. रांग नाचत राहते, फक्त त्याची जागा मोकळी, आणि शेजारच्याचा हात तसाच हवेत पुढे धरलेला. तालीम झकास झाली. विदादनं फुशारकीनं खुर्च्यांच्या पहिल्या रांगेकडे पाहिलं.

उम्म मुनीरचा चेहरा पांढराफटक पडला होता. रायफ विंगेतून धावत आला, तरी तिची नजर त्या मोकळ्या जागेवरून हलेना.

"आता काय झालं?" विदाद कावली. "पडला का तो?"

"पाड त्याला, विदाद," उम्म मुनीर म्हणाली. "पडलेला बरा. निदान जवळ जाऊन हात तरी लावता येतो."