संस्थेचं एकच चालू इंटरनेट

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरले. त्या टायपिस्ट बाईचं मात्र विसरता येत नाही.

मी तेव्हा हिंगणघाट तालुक्यातल्या एका ठाण्यात महिला हवालदार होते. शाळा चालवणाऱ्या एका खासगी संस्थेतली शिक्षिका तक्रार घेऊन आली. ओळखी वाढवायच्या एका साइटवर कुणीतरी तिच्या नावानं खातं उघडलं होतं. तिचा फोटो, फोन नंबर आणि खाली घाण मजकूर. परक्या पुरुषांचे फोन थांबत नव्हते. गुन्हा दाखल झाला. सायबर शाखेनं कळवलं की खातं संक्रांतीनंतरच्या एका दुपारी संस्थेच्याच कार्यालयातून उघडलं गेलं.

संस्थेच्या सचिवांनी आम्हाला भिंतीवरचा नियम दाखवला. कर्मचाऱ्यांनी अशा साइट आणि व्हिडिओ पाहायचे नाहीत. इंटरनेट एकाच संगणकावर, पासवर्ड फक्त टायपिस्ट बाईकडे. म्हणजे गुन्हेगार तीच, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

चौकशीत ती काही बोलेना. घरी कळलं तर नवरा माहेरी पाठवील, एवढीच तिला भीती. ठाणेदार साहेब बाहेर गेल्यावर मी तिला चहा दिला. शेजारी बसले.

"मॅडम, मी काऊन असं करीन? त्या दिवशी तिच्याच घरी हळदीकुंकवाले गेलतो. तिनंच मले वाण देल्लं."

शिक्षिकेला विचारलं. तिनं मान डोलावली. त्या दुपारी कार्यालयातल्या सगळ्या बायका तिच्याच घरी होत्या.

"मंग संगणकावर कोण होतं?" मी टायपिस्टला विचारलं.

"सचिवसाहेबाचा पुतण्या. रोजच गाण्याचे व्हिडिओ पाह्यते. पासवर्ड सांगून जा म्हणे. त्याले नाई कोण म्हणन?"

पुतण्याला आणलं. आधी उडवाउडवी, मग हसत म्हणाला, "मजाक केली साहेब. मले पाहून तोंड फिरवत होती ते."

"मंग मजाकीत तुह्या बहिणीचा नंबर काऊन नाई टाकला?" साहेबांनी विचारलं. त्याचं हसू गेलं. त्यानं कबुली दिली.

आम्हाला वाटलं, सुटलं प्रकरण. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, आणि शिक्षिकेनं तिथं जबाब फिरवला, हळदीकुंकू कोणत्या दिवशी होतं ते आठवत नाही म्हणाली. तिलाही त्याच संस्थेत नोकरी करायची होती. पुतण्या सुटला. टायपिस्ट बाईला संस्थेनं काढून टाकलं. दिलेलं कारण खरंच होतं, पासवर्ड दुसऱ्याला सांगून तिनं नियम मोडला होता.

पुढे ती मला बाजारात भेटली. नवऱ्यानं ठेवून घेतलं होतं, पण काम कुठंच मिळत नव्हतं. "चौकशीले काऊन नेलं होतं, हेच इचारते सारे," म्हणाली, आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेली.

त्यानंतर कोणत्याही कार्यालयात तपासाला गेले आणि कुणी भिंतीवरचा नियम दाखवला, की मी आधी विचारायची, हा इथं कोणाला लागू नाही? सगळे तिथल्या प्रमुखाच्या केबिनकडे बघायचे.