डावऱ्या हाताचा ऊद

कुर्तुलुशच्या उतारावर अर्शाविरचं ऊद, म्हणजे फुगीर पाठीचं तंतुवाद्य, दुरुस्त करायचं दुकान होतं, पण त्या हिवाळ्यात तो दुकानात सापडेल तर शपथ. दाराला कडी, आणि स्वारी कधी सामात्यात, तर कधी बोटीनं सामुद्रधुनीपलीकडे उस्कुदारला, कुणाच्या माळ्यावर नाहीतर कुणाच्या पलंगाखाली डोकं खुपसून बसलेली.

तो आपल्या गुरूंनी, झावेन उस्तांनी, घडवलेले ऊद शोधत होता. उस्ता म्हणजे उस्ताद, मुरलेला कारागीर. उस्तांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ईस्टरनंतर चर्चच्या सभागृहात त्यांच्या नावाची एक संध्याकाळ करायची, शहरात उरलेले त्यांच्या दुकानातले सगळे ऊद गोळा करून एकत्र वाजवायचे, असं चर्चच्या मंडळींनी ठरवलं होतं. पण खरा कुठला आणि खोटा कुठला, हे कोण सांगणार? उस्तांच्या हाताखाली शिकलेला अर्शाविर एकटाच उरला होता. तो म्हणेल ते खरं.

माणसाला 'तो म्हणेल ते खरं' याची एकदा सवय लागली की त्याचं नाक हळूहळू वर जायला लागतं. अर्शाविर मुळात वाईट नव्हता. पण ऊदाच्या पाठीवर टकटक करायची, डोळे मिटायचे, घरातल्या सगळ्यांना श्वास रोखायला लावायचा आणि मग 'हं' म्हणायचं, यात त्याला भारी गोडी वाटायला लागली होती. नकार द्यायचा असला तर अधिकच. चार माणसं हसतील असं काही बोलल्याशिवाय तो खोट्या ऊदाला सोडत नसे.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत मिहरानच्या घरून निरोप आला. मिहरान म्हणजे गेदिकपाशा भागात वर्षानुवर्षं बूट शिवणारा. दिवसभर कातडं आणि रात्री ऊद, असा जन्म काढलेला. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. आता वाजवणं संपलं. एकच इच्छा राहिली होती. आपला ऊद त्या संध्याकाळी उस्तांच्या ऊदांत बसावा आणि आपल्याला खुर्चीत घालून तिथं न्यावं. बायकोजवळ, अराक्सीजवळ, तो रोज तेवढंच बोलायचा.

अर्शाविर गेला तेव्हा घरात बायकांचा मेळा जमला होता. उपवासाचं टोपिक, म्हणजे कांदा भरलेले चण्याचे गोळे, करायचं होतं, म्हणून जिन्यातल्या सगळ्या शेजारणी चणे वाटायला, कांदा परतायला अराक्सीकडेच बसल्या होत्या. दालचिनीचा वास सुटला होता. मिहरान खिडकीशेजारच्या पलंगावर उशांना टेकून, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून तयार होता. अराक्सीनं हात पुसले आणि ऊद आणून अर्शाविरच्या मांडीवर ठेवला. बायकांनी वाटणं थांबवलं.

अर्शाविरनं टकटक केली. त्याचं तोंड वाकडं झालं. खिशातून छोटा आरसा काढून त्यानं ऊदाच्या पोटावरच्या नक्षीदार जाळीतून आत घातला, वरून बॅटरी धरली.

"हं," तो म्हणाला. "मिहरान, तुला कुणीतरी चांगलंच बनवलं रे."

"म्हणजे?" अराक्सी म्हणाली. "आत उस्तांचं लेबल आहे की!"

"लेबलाचं काय घेऊन बसलात! सरस लावून कुणीही चोर चिकटवतो. उद्या मी तुमच्या टोपिकवर माझं नाव चिकटवलं, तर टोपिक माझं होईल का?"

बायका खुदकन हसल्या. झालं, त्याला तेवढंच हवं होतं.

"पाठीच्या पट्ट्यांचे सांधे बघा. जोडलेत की गोधडी शिवलीय? आणि सरस ओघळलाय कसा, शेंबड्या पोराच्या नाकासारखा! वर हे आतलं खरवडणं. सगळं उलट्या अंगानं. कुणीतरी डावरा सुतार दिसतोय. खाटा ठोकता ठोकता म्हणाला असेल, चला, एक ऊद करू."

आता तर हसून हसून एकीच्या हातातली कांद्याची परात कलंडली. वरच्या मजल्यावरची झाबेल तेवढी हसली नाही. जिभेला हाड नसलेली बाई ती.

"उस्ता," ती म्हणाली, "तो आरसा कुठल्या हातात धरलाय हो तुम्ही?"

आरसा डाव्या हातात होता. अर्शाविर जन्माचा डावरा.

त्यानं पुन्हा आत पाहिलं, या खेपेला नीट. जाळीखालच्या एका पट्टीवर काळा डाग होता, नखाएवढा, चंद्रकोरीसारखा. पट्टी तापल्या नळीवर वाकवताना हात जरा रेंगाळला की लाकूड भाजतं, तसा. तो डाग त्याला ठाऊक होता. त्याचा स्वतःचा अगदी पहिला ऊद. सबंध हिवाळा खपून केलेला. उस्तांनी तो उलटसुलट करून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी खिळ्यावर ऊद नव्हता. "चुलीत घातला," उस्ता म्हणाले. "दुसरा कर." त्या चुलीकडे पुढं कित्येक महिने त्याला बघवत नसे.

आणि आज तोच ऊद मांडीवर.

बायका बघत होत्या. पलंगावरून मिहरान बघत होता. खरं बोलायला एवढाच वेळ होता. पण वर चढलेलं नाक एकाएकी खाली येत नाही.

"उस्तांच्या दुकानात माझ्याशिवाय डावरा कुणी नव्हता," तो म्हणाला, "आणि मी असलं काम करीन? हा उस्तांच्या दुकानातला नाही. विषय संपला."

मिहरानचा ओठ हलला. मग त्यानं सावकाश तोंड भिंतीकडे फिरवलं.

अर्शाविर उठला. कसाबसा टोपी शोधत दाराशी आला, तर अराक्सी मागून ताटली घेऊन आली. "उपवासाच्या दिवसांत दारातून रिकाम्या हातानं जाऊ नये, उस्ता," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी टोपिकवर दालचिनी भुरभुरवायला ती विसरली नव्हती. जिना उतरताना त्याला वाटलं, पायाखालची पायरी खचावी आणि आपण ताटलीसकट आत जावं. ते टोपिक त्यानं खाल्लं नाही. टाकवलंही नाही. दुकानात फळीवर ते वाळत राहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पण हसायला कुणाला सांगणार? बाकीचे ऊद त्यानं पाहिले, पण टकटक करायची हिंमत होईना. पूर्वी ज्यांना त्यानं नाही म्हटलं होतं, ती घरंही एकेक करून आठवायला लागली. रविवारी चर्चमध्ये गेला. उपवासात वेदीपुढचा पडदा ओढलेला असतो, आतलं काही दिसत नाही. पाद्र्यांनी पापांची यादी वाचली, खोटं बोलणं, गर्व, शेजाऱ्याचा अपमान, आणि दर पापाला सगळ्या चर्चनं एका आवाजात म्हटलं, "मी देवाचा अपराधी आहे." अर्शाविरनंही म्हटलं, सगळ्यांहून मोठ्यानं. शेजारच्या कापडवाल्यानंही म्हटलं, पलीकडच्या म्हातारीनंही. सगळ्यांनी मिळून कबूल केलं, म्हणजे कुणाचा अपराध कुठला ते कळतच नाही. बाहेर आला तो होता तसाच.

शेवटी एका दुपारी तो मिहरानकडे गेला. अराक्सीनं दार उघडलं, आत सोडलं.

"मिहरान," तो पलंगापाशी उभ्यानंच म्हणाला, "तो ऊद माझा आहे. म्हणजे, मी केलेला. मला त्या दिवशीच कळलं होतं."

"मला... ठाऊक आहे," मिहरान म्हणाला. शब्द एकेक ओढून आणावा लागत होता. "मला पहिल्या दिवसापासून... ठाऊक आहे."

"काय?"

"उस्तांनीच दिला. म्हणाले, पोराचा आहे. पोराला सांगितलंय जाळला. विकला गेला म्हटलं तर फुशारेल, शिकायचं थांबेल." मिहरान दम घ्यायला थांबला. "म्हणाले, वर्षभर वाजव. तडकला तर परत आण. वर्षानं स्वतःच आले. माझ्या दुकानात, कातड्यात बसले. वाजवला. खूप वेळ वाजवला. मग खिशातून लेबल काढलं. आधी नव्हतं लेबल. काडीला लावून... जाळीतून आत बसवलं. म्हणाले, आता हा माझा."

अर्शाविर मटकन खुर्चीवर बसला.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बायका होत्या. तुझी अब्रू गेली असती." मिहरानच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती. "तोंड फिरवलं ते... तुझ्याकडे बघवेना म्हणून."

अर्शाविरनं चेहरा हातांत लपवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला आज कळलं. मग तो म्हणाला, "मी सभागृहात सांगतो. त्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो."

"नको."

"का नको?"

"तिथं टाळ्या वाजतील," मिहरान म्हणाला. "म्हणतील, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. नको. जिथं सांडलंस... तिथं पूस."

त्यानं अराक्सीकडे पाहिलं. ती समजली. जिन्यात जाऊन तिनं हाका मारल्या, खाली, वर. बायका आल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत पोर. सगळ्यांत मागून झाबेल आली आणि कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. ऊद मिहरानच्या पायाशी पांघरुणावर होता.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," अर्शाविर म्हणाला. "तो डावरा सुतार मीच. सांधे माझे, ओघळलेला सरस माझा. मिहरानला कुणी फसवलेलं नाही. हा उस्तांच्या दुकानातलाच ऊद आहे आणि तो सगळ्यांबरोबर सभागृहात जाणार."

कुणी हसलं नाही. एक पोर रडायला लागलं, ते आईनं खांद्यावर घेतलं.

"लेबलाचं... सांग," मिहरान म्हणाला.

अर्शाविरनं सांगायला तोंड उघडलं. हयातभर ज्या एका शब्दासाठी तो उस्तांच्या तोंडाकडे बघत राहिला होता, तो शब्द इतकी वर्षं या ऊदाच्या पोटात चिकटलेला होता. आणि त्यानं आरसा घालून तो वाचला होता आणि चार बायकांना हसवायला त्याला चोराचं काम म्हटलं होतं. "लेबल उस्तांनी स्वतः..." इतकंच निघालं. पुढचं निघेना. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकला.

झाबेल पुढं आली. आता ही काहीतरी बोलणार, म्हणून त्यानं मान खाली घातली. खरं तर ती बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं बाकीच्या बायकांना हातानं खूण करून बाहेर काढलं आणि दार हळूच ओढून घेतलं.