बांबूवरचं पांढरं धोतर

सुनेने वाळत घातलेली पांढरी चादर वाऱ्यावर फडफडली आणि लहानपणचं रेवस माझ्यासमोर उभं राहिलं.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तारे बघायचा नाद. दुर्बीण आमच्या घरी, आणि त्याचा मित्र वामन खाडीपलीकडे करंज्याला. रात्री आभाळ निवळ राहील असं वाटलं, की दादा संध्याकाळी उंच बांबूला पांढरं धोतर चढवायचा. ते दिसलं, की वामन होडी सोडायचा.

मिठाच्या बरणीत बोटं घालून दादा अंदाज बांधायचा. त्या दिवशी मीठ अगदी कोरडं होतं.

"वारा किती सुटलाय, बघ की रं," आई म्हणाली.

"वारा हाय म्हणून तर ढग न्हाय," दादा हसला आणि त्याने धोतर चढवलं.

अंदाज खरा ठरला. आभाळ इतकं लख्ख, की नजर हटेना. वामन मात्र पोचलाच नाही. ढग पुसून नेणाऱ्या वाऱ्यानेच खाडी खवळली होती. सकाळी नुसती होडी किनाऱ्याला लागली, उपडी.

मी उठून चादर ओढून काढली.

"आई, अजून ओली आहे ती," सून म्हणाली.

असू दे ओली. दिवेलागण झाली होती, आणि पलीकडून कुणी बघत असलं तर?